दाजींच्या ब्राउझरची झूल

दुकानातून आणलेली वस्तू आहे तशी वापरणं म्हणजे आमच्या दाजींच्या लेखी आळशीपणाचा कळस. जगात पुरी झालेली अशी एकही वस्तू त्यांना कधी दिसली नाही. सगळं अर्धवट, आणि उरलेलं अर्धं काम देवाने त्यांच्यासाठीच राखून ठेवलेलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, राहणार शेळगाव, तालुका इंदापूर. लग्नात आम्ही घड्याळ दिलं, तर महिन्याभरात त्याच्या तबकडीवर आकड्यांच्या जागी ज्वारीचे दाणे चिकटलेले. छत्री घेतली तर तिला आतून निळं आभाळ आणि चांदण्या. अक्का कपाळाला हात लावायची, तर तिलाच विचारायचे, "बाहेरचं आभाळ काळं हाय म्हणून आतलं बी काळंच ठिवायचं व्हय?" त्यांचं प्रत्येक वाक्य असं 'व्हय'वर येऊन थांबायचं आणि समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत ते पुढच्या वस्तूकडे वळलेले असायचे.

पण त्यांचं खरं नाव होतं ते बैल सजवण्यात. हौशा आणि पाखऱ्या ही त्यांची जोडी पोळ्याच्या मिरवणुकीत निघाली की लासुर्ण्याहून माणसं बघायला येत. शिंगांना हिंगूळ, त्यावर बेगड, टोकाला पितळी शेंब्या, आणि झुलीवर अक्काच्या लग्नातल्या शालूचे काठ. ते काठ कधी कापले हे अक्काला मिरवणुकीतच कळलं. पुढे ट्रॅक्टर आला, बैल गेले, आणि त्या वर्षी पोळ्याला हा माणूस हिंगुळाची वाटी हातात घेऊन रिकाम्या गोठ्यात बसून होता. हे अक्काने मला सांगितलं. मला कीव आली आणि मी त्यांना बारामतीला बोलावून घेतलं. एस. टी. स्टँडजवळ माझं नवंकोरं सायबर कॅफे होतं. म्हटलं, चार दिवस जीव रमेल. ती कीव मला फार महागात पडली.

तेव्हा एक नवा ब्राउझर आला होता, फुकट मिळणारा. त्याचा कोड कुणालाही उघडून बघता येई, हवा तसा बदलता येई. मी दाजींना हे माझ्या परीने समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे गायरान म्हणा की. कुणाच्या बापाचं न्हाय, सगळ्या गावाचं." संगणकाचे तीन कोर्स करून मला जे धड सांगता येत नव्हतं ते हे. मी हसलो, पण कुठेतरी टोचलं. त्या ब्राउझरच्या फोल्डरात एक साधी मजकुराची फाईल ठेवली आणि तिच्यात चार ओळी लिहिल्या की वरच्या पट्टीचा रंग, बटणं, चित्रं, सगळं पालटता येतं, हेही मीच दाखवलं. मग दाजी घरी जायचेच थांबले. दोन बोटांनी टायपिंग करायचे. एखादा कंस बंद करायचा राहिला की सगळी पट्टी कोसळायची, आणि ते "बसला गडी" म्हणून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू.

मागे जायच्या बाणाच्या जागी मान वळवून बघणारा हौशा आला, पुढे जायला पाखऱ्या. पान पुन्हा आणायचं तर उसाचा चरक. थांबवायचं तर ताणलेला कासरा. पान उघडेपर्यंत कोपऱ्यात जे चक्र फिरतं तिथे घुंगरमाळ हलायची, आणि त्या काळचं नेट असं होतं की ती हलतच राहायची. मुख्य पानाचं बटण म्हणजे शेळगावचं पत्र्याचं घर, दारात अक्का. अक्का मुगाच्या डाळीएवढी, पण कमरेवर हात होते. हे सगळं एका संगणकावर असतं तर मी सोसलं असतं. दाजींनी ते सगळ्या संगणकांवर घातलं. एक साहेब घाईने मेल पाठवायला आले आणि ओरडले, "अहो, मागे कसं जायचं?" दाजी कोपऱ्यातून म्हणाले, "बैलावर टिचका, सायेब. हळू. मारका न्हाय त्यो." साहेब पुन्हा आले नाहीत. कॉलेजची पोरं मात्र यायची, पण दाजींच्या खुर्चीभोवती उभी राहायची. मालक कोण हे विचारायचीच नाहीत.

पहिल्याच पोळ्याला तर कहर झाला. आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात. मी सकाळी शटर वर केलं तर दुकानातल्या एकूण एक माऊसच्या पाठी पिवळ्याधमक आणि ओशट. "वर्सभर राबलीत बिचारी," दाजी म्हणाले. तेव्हाच्या माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची. लोणी आत गेलं आणि गोळ्या जागच्या जागी बसल्या. दुसऱ्या दिवशी पोळा. ब्राउझरला बेगडाची पट्टी, गोंडे, आणि बटण एकही नाही. मी विचारलं, "बटणं कुठायत?"

"पोळ्याला जुपत्यात व्हय पावणं?"

"दाजी, हे दुकान आहे. गिऱ्हाईक उभं आहे."

"मग त्यास्नी पुरणपोळी द्या की. उद्या या म्हणावं."

ही गोष्ट नंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक जावळात सांगितली गेली. सांगणारे दाजी, हसणारे सगळे, मीही त्यात. कॅफे बंद पडलं ते लोकांच्या हातात मोबाईल आले म्हणून. हे मला कळतं. पण माणसाला राग धरायला चेहरा लागतो, आणि माझ्यासमोर हाच एक चेहरा होता, गोलमटोल, सतत खूश. मी तोंडाने कधी काही बोललो नाही. न बोलण्याची मला सवय आहे आणि लोक तिला सज्जनपणा समजतात.

दाजींनी पुढे शेळगावात स्वतःचा संगणक घेतला. ब्राउझरची नवी आवृत्ती आली की जुनी सजावट बसेनाशी व्हायची, मग ते पुन्हा बसून जमवायचे. "बैल वाढला की झूल उसवायचीच," म्हणायचे, आणि उसवताना आनंदात असायचे. शेवटी एक आवृत्ती अशी आली की तिने असली सजावट घ्यायचंच नाकारलं. तेव्हा दाजींनी जुनीच ठेवली आणि नव्याचं दार बंद करून टाकलं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, अक्षर ओळखता येईना, आणि बोलणं गेलं. सगळं गेलं असं नाही, एक शब्द राहिला. 'व्हय.' भूक लागली तरी व्हय, नको असलं तरी व्हय, दुखतंय तरी व्हय. अक्का सुरावरून ओळखायची, तेही निम्मं. पण संगणकापुढे बसवलं की डावा हात बरोबर चालायचा. अक्षरं गेली होती, बैल राहिले होते. लेक परदेशात. ती नातीचे फोटो एका पानावर टाकायची, आणि त्या पानासाठी दाजींनी पूर्वीच एक बटण केलेलं होतं, लेकीच्या लहानपणीचं पैंजण. पैंजणावर टिचकी, नात. हौशावर टिचकी, मागची नात. दिवसभरात कुणाला न विचारता करता येण्यासारखी त्यांची ही एकच गोष्ट उरली होती.

यंदा उन्हाळ्यात भाचीचा फोन आला, "मामा, बाबांकडे नवे फोटो उघडत नाहीत, जरा बघता का?" जुन्या ब्राउझरला नवी पानं जड जात होती. उपाय होते. जुना तसाच ठेवून शेजारी नवा घालता आला असता, फोटो दुसरीकडे ठेवता आले असते. ते मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या सुचले होते, म्हणून सांगतो. दाजी शेजारीच होते. मी आवृत्ती बदलायचं बटण शोधून काढलं. ब्राउझरने विचारलं की तुमची जुनी सजावट जाईल, पुढे जायचं का? दाजींना ते वाचता येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता आला असावा. त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. मी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि 'हो' दाबलं.

पडदा करडा झाला, स्वच्छ, जगभरच्या पडद्यांसारखा. दाजींचं बोट काचेवर डाव्या कोपऱ्यात हौशाला शोधत राहिलं. अक्का चहा घेऊन आली.

"आगं बया, बैलं कुठं गेली रं?"

"आपोआप झालं अक्का. नवीन आवृत्ती आली की ती आपोआप बसते."

अक्का त्यांच्याकडे वळली. "आपोआप झालं व्हय हो?"

"व्हय," दाजी म्हणाले.

त्या एका शब्दामागे मी पुढचे सगळे महिने लपून राहिलो. शेळगावचं नाव निघालं की मला कामं आठवायची. अक्का फोनवर सांगायची, "बसत्यात नुसते. मी लावून देते फोटो, तर तोंड फिरवत्यात."

पोळ्याला गेलो. खिशात पेनड्राईव्ह होता, त्यात ती जुनी आवृत्ती, दाजींच्या सजावटीच्या फायलींसकट. आज बसवून टाकू आणि बोलायची वेळच येऊ द्यायची नाही, असा माझा बेत होता. दारातच अक्का म्हणाली, "आत जा, पर काय पुसू नको. सकाळधरनं रंगवत्यात."

संगणक बंद होता. त्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना हिंगूळ लावलेला, वर बेगडाचे तुकडे, खाली गोंडे. काळ्या काचेवर डाव्या कोपऱ्यात, काडीने काढलेला, चिंचोक्याएवढा हौशा. डाव्या हाताचा, त्यामुळे पाय पाच झाले होते. शेजारी अर्धा पाखऱ्या. चित्र काचेवर, पानं काचेच्या आत. खालचं पान सरकलं की बैल जागच्या जागी उभा राहणार, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. मी पेनड्राईव्ह काढला आणि चालू करायच्या बटणाकडे हात नेला. दाजींनी डाव्या हाताने ते बटण झाकून टाकलं. पोळा होता. जुपायचं नव्हतं.

मग माझ्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नाही, फक्त बोलणं उरलं.

"दाजी," मी म्हणालो, "ते आपोआप झालं नव्हतं. मी केलं. मुद्दाम केलं."

अक्का दारात थांबली. दाजींनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले, आणि हिंगुळाची वाटी माझ्या हातात धरायला देऊन पाखऱ्याचे मागचे पाय रंगवू लागले.

मी वाटी धरून बसलो. उद्या जुनी आवृत्ती बसवायची, बैल आत सोडायचे, काच पुसायची नाही, असं मनात ठरवत होतो. अक्काने माझ्याकडे न बघताच जेवायला वाढलं. दाजींना विचारावंसं फार वाटत होतं, माफ केलंत का? पण ते विचारलं नाही. उत्तर 'व्हय'च आलं असतं.