निरगुडी विकणारी बाई

बाकीची जमीन कंपनीला गेल्यावर मोरिवलीत माझी पाच हात रुंद पट्टी उरली होती, तिच्या कुंपणाला लागून. हद्दीवर काहीही लावलं की कंपनीचे माळी छाटून टाकायचे. म्हणून आनंदनगरच्या रस्त्यावर रोपं विकणाऱ्या बाईकडे गेलो.

तिने निरगुडीचं पान चुरगळून हुंगलं. "हीच न्या, बाबा. बुडापासून छाटली तरी फुटते. पाणीपण मागत नाय."

"रानातलं झुडूप मला विकतेस? जन्माचा शेतकरी आहे मी. ती लाल पानांची दे."

"शोभा पायजे का हद्द?" एवढंच विचारून तिने लाल रोपं बांधून दिली.

पहिल्याच छाटणीत ती वाळली. महिन्याभरात कंपनीच्या कुंपणाची तार माझ्या पट्टीत सरकली. "तुमची हद्द दाखवा," कंपनीवाले म्हणाले. दाखवायला काही नव्हतं.

आता मी त्या बाईचा रस्ता टाळून लांबच्या रस्त्याने जातो. तिने रोपांची चौकशी केली, तर खोटं बोलावं लागेल.