तिसरी हाक

"बाई, मी जाऊन राहिली. ध्यान ठेवजा."

खिडकीच्या गजावर बोटाने दोनदा टकटक, पाठोपाठ हे वाक्य, आणि मग लांब लांब जाणारी पावलं. ज्या गावात बाईमाणसाने विहिरीवरून येतानासुद्धा झपझप चालू नये अशी अपेक्षा, त्या गावातून एक बिनलग्नाची मास्तरीण रोज रात्री आठ वाजता पळायला निघे, आणि निघताना फक्त मला सांगून जाई. ध्यान ठेवायचं म्हणजे खिडकीत कंदील ठेवायचा आणि ती परत येईपर्यंत झोपायचं नाही. माझं काम एवढंच होतं.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं ती. नाकाडोंगरीच्या अलीकडचं एक गाव. मी शाळेत मराठी शिकवी, ती पीटी. आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. माझे यजमान तुमसरला राइस मिलमध्ये, ते शनिवारचे येत. बाकी सहा दिवस भिंतीपलीकडे ती आणि अलीकडे मी. मुली तिला पीटीबाई म्हणत. गाव 'पळणारी मास्तरीण' म्हणे आणि पदराआड हसे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच, ज्याच्यावाचून गावाला करमत नाही आणि ज्याला गाव कधी आपलंही म्हणत नाही.

ती दिघोरीची, धानाच्या शेतकऱ्याची पोर. लहानपणी शाळेला धुऱ्याधुऱ्याने पळत जायची. बांधी म्हणजे धानाचं खाचर आणि धुरा म्हणजे त्याचा वीतभर रुंद बांध. त्यावर पळता पळता तिला पळण्याचं वेडच लागलं. पुढे नागपूरपर्यंत शर्यती पळून आली होती, त्याचे कागद ट्रंकेत तळाशी घालून ठेवलेले. रोवणीला बाया खोचतात तशी साडी गुडघ्यापर्यंत खोचायची आणि अनवाणी निघायची. रात्रीच का, असं मी एकदा विचारलं.

"दिवसा पळली का लोकं विचारते, घरी कोणी मेलं का म्हणून. रातच्याले कोणी विचारत नाही."

पण ती बेफिकीर मुळीच नव्हती. तिचे नियम होते, आणि पीटीच्या तासाला शेवटची पाच मिनिटं ती मुलींना ते घोकून घ्यायला लावी. गेलो त्या वाटेने परत यायचं नाही. घरून एका तरी माणसाला सांगून निघायचं. अंधारात जायचं तर बांगड्या काढून ठेवायच्या, त्या आपला पत्ता सांगतात. आणि मागून सायकल आली तर रस्ता सोडून द्यायचा. "रस्त्यावर सायकल जिंकते, धुऱ्यावर आपण," हे तर मुली कवितेसारखं म्हणत. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, हे कोणत्या अभ्यासक्रमात आहे? ती म्हणाली, लंगडीच्या. ते बिचारे लंगडीचा अभ्यासक्रम शोधत बसले असतील.

मग भुताची गोष्ट निघाली. एक गुराखी एका रात्री मोहाची दारू पिऊन येत होता. त्याला तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या उंच बांधावर, कोणीतरी बाई दिव्याशिवाय पळताना दिसली. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की पाळीवर चुडैल आहे. मी तिला सांगितलं, अगं खुलासा कर, नाहीतर लोक धोंडे मारतील. ती पोट धरून हसली. "राहू द्या, बाई. भुताले कोणी हात लावत नाही."

मला तेवढं पुरे झालं. मराठी शिकवणाऱ्या बाईला कल्पनेची काय कमी! मी विहिरीवर त्या चुडैलीच्या गोष्टीत रंग भरले. तिचे पाय उलटे आहेत, असं मी सांगितलं. आपल्या ओळखीच्या, जिवाभावाच्या माणसाचा आवाज काढून ती दारात येते, असंही सांगितलं. पंधरा दिवसांत अंधार पडल्यावर पाळीवर बसणारी टवाळ पोरं दिसेनाशी झाली. एका म्हातारीने तर मलाच बाजूला घेऊन बजावलं की मास्तरीणबाई, तुमी एकट्या राहता, कडी लावत जा. ती गोष्ट मी घरी येऊन सांगितली तेव्हा आम्ही दोघी चुलीपुढे बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता, तो लपवत नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. रात्री दारात हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माझी आई सांगायची, "भूत दोनदा बलावते, मानूस तीनदा. तिसऱ्या हाकेबिगर कडी काढाची नाही." गावातलं शेंबडं पोरही हा नियम पाळी. माणसंही ते जाणून असत, तीन हाका मारूनच थांबत.

धानाची कापणी होऊन गेली होती, थंडी पडली होती. मामेबहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, म्हणून ती दोन दिवसांची रजा टाकून दिघोरीला गेली. गुरुवारी सकाळी येते म्हणाली. बुधवारी रात्री गजावर टकटक झाली नाही, म्हणून मी कंदीलही ठेवला नाही. लवकर जेवून कडी लावून झोपले. त्या दिवशी अवस होती.

पावलांच्या आवाजाने जाग आली. गल्लीतून कोणीतरी जिवाच्या आकांताने धावत येत होतं. पावलं माझ्याच पायरीशी थांबली.

"बाई."

मी उठून बसले. आवाज तिचा होता. दारावर तळहात आपटला.

"बाई, दार उघडा."

मी अंधारात चाचपडत दारापाशी गेले. कडीवर हात ठेवला. आणि थांबले. ती तर दिघोरीला आहे. ती कधी दार ठोकत नाही, गज वाजवते. मग हे कोण? ओळखीच्या माणसाचा आवाज काढून ती दारात येते, हे मीच विहिरीवर सांगितलेलं वाक्य माझ्या कानात वाजलं. मी बी.ए. झालेली बाई. ती चुडैल माझ्या हातची, तिचे पाय मी उलटे केलेले. तरी मी तिसऱ्या हाकेची वाट पाहत उभी राहिले.

तिसरी हाक आली नाही. पावलं पुन्हा धावू लागली, आणि त्यांच्या मागून दारावरून सायकलच्या साखळीचा करकर आवाज गेला. भूत सायकलवर बसत नाही, हे मला कळून मी कडी काढली, तोवर उशीर झाला होता. बाहेर आले तेव्हा गल्ली रिकामी होती. मी तिच्या नावाने ओरडले, एकदा, दोनदा, तीनदा, आणि मग मोजलं नाही. तेव्हा कुठे दारं उघडली. माणसं टॉर्च, कंदील, काठ्या घेऊन निघाली. पाळीच्या चढाशी तिची पिशवी मिळाली. आत साक्षगंधाचे चार लाडू कागदात बांधलेले. ते माझ्यासाठी होते.

उजाडता उजाडता रेल्वे फाटकाचा गेटमन तिला बैलगाडीत घालून घेऊन आला. ती सुखरूप होती. सुखरूप हा शब्द मी पोलीसपाटलांच्या तोंडून ऐकला, म्हणून तोच लिहिते.

झालं ते असं. गुरुवारी सकाळी मुलींना खो-खोच्या सामन्याला तुमसरला न्यायचं आहे, हे तिला दिघोरीला गेल्यावर आठवलं. म्हणून ती एक दिवस आधी निघाली. शेवटच्या एसटीने तिला फाट्यावर सोडलं. तिथून गाव दोन मैल. फाट्यावरच्या दोघांनी एका सायकलवरून तिचा माग धरला. गाव जवळ आल्यावर सायकलचा वेग वाढला, तशी ती पळत घरापर्यंत आली, पण तिच्या दाराला कुलूप, आणि कुलपाला वेळ लागतो. म्हणून माझं दार. माझ्या दारानंतर अख्खी गल्ली, सगळी दारं बंद. मग तिने स्वतःचाच धडा गिरवला. रस्ता सोडला, पाळ चढली, पलीकडे बांधीत उडी टाकली आणि धुऱ्याधुऱ्याने फाटक गाठलं. सायकल पाळीलाच अडली. गेटमन परमुलखातला होता, त्याला आमची रीत ठाऊक नव्हती. त्याने पहिल्याच हाकेला दार उघडलं.

ते दोघे कोण होते हे कधी कळलं नाही. पाटलांनी विचारलं ते तिलाच, की एवढ्या रात्री बाईमाणसाने फाट्यावर उतरावंच का? विहिरीवर मात्र कोणी काही विचारलं नाही. शेजारची एक जण खाली मान घालून म्हणाली, "आमीबी आयकलो, बाई. तिसऱ्या हाकेची वाट पाहून राहिलो होतो." मग दुसरी बोलली, मग तिसरी. सात घरं जागी होती.

बांधीतल्या धानाच्या धसकटांनी तिचे तळवे फाटले होते. मी रोज संध्याकाळी गरम पाण्याने धुऊन हळद-तेल लावी. ती मला एका शब्दाने बोलली नाही, आणि ते मला सहन होईना. दहाव्या दिवशी मी तिचा पाय मांडीवर घेऊन सांगून टाकलं की मी झोपलेली नव्हते. मी ऐकलं होतं.

"मालूम हाय," ती म्हणाली. "दाराच्या आत तुमच्या बांगड्या वाजल्या. मले वाटलं, बाई उघडून राहिल्या. म्हणून तेवढी थांबली मी."

मी तेल चोळत राहिले. तीच पुन्हा म्हणाली, "तिसरी हाक मारायले टाइम नव्हता, बाई." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात तिने बदली मागून घेतली. जाण्याच्या दिवशी मुली रडल्या, गाव निरोपाला आलं, तिला नारळ दिला. ती एसटीत चढली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दहा पावलं चालायची तरी ती दोनदा मागे वळून पाहते.

पुढे आठ-नऊ वर्षांनी तुमसरच्या स्टँडवर भेटली. अंगाने भरली होती, केस पांढरे झाले होते. मला वाकून नमस्कार केला. मी विचारू नये ते विचारलं, पळतेस का गं अजून?

"नाही, बाई. पाय चांगले हायेत. पण दोन पावलं टाकली का मागून सायकल येऊन राहिली असं वाटते."

तिची गाडी लागली. त्यानंतर ती मला दिसली नाही, आणि आता तर तिची काही खबरही मिळत नाही.

मी निवृत्त होऊन तुमसरलाच राहते. उजव्या हातात बांगडी घालत नाही, यजमानांनी त्यावरून एकदा भांडण केलं आणि सोडून दिलं. माझ्या दारात पहिल्या हाकेलाच कडी निघते. पोस्टमन असो, दारू पिऊन घर चुकलेला माणूस असो, एकदा तर नुसतं मांजर होतं. गल्लीतल्या बायका म्हणतात, मास्तरीणबाई फार धीट.

थंडीत, धान कापून झालं की, एखाद्या रात्री पावलं येतात आणि पायरीशी थांबतात. बाई. मी उठते, दार उघडते. कोणी नसतं. मी उंबऱ्यावर उभी राहते आणि तिची राहून गेलेली तिसरी हाक मीच मारते, तिच्या नावाने, हळू. आतून यजमान विचारतात, कोण आहे? मी म्हणते, कोणी नाही, झोपा तुम्ही. आणि कडी न लावता आत येते.