आईच्या नावावर खपवलेल्या गोळ्या

सुनंदाच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट माझ्या टेबलावर होता आणि मला भीती वाटत होती ती कॅन्सरची नाही. गाठ लहान होती, काखेत काही पसरलेलं नव्हतं. वेळेवर शस्त्रक्रिया आणि पुढची औषधं झाली तर ती बरी होईल, असं तिला छातीठोकपणे सांगता येत होतं. भीती होती ती तिच्या उत्तराची. सुनंदा गेली सहा वर्षं माझ्या लोणावळ्याच्या घरी स्वयंपाक करते. तिनं सगळं शांतपणे ऐकलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आबा, आधी डोंगरावरच्या आईचा कौल घेते. माझ्या सासूचा क्यान्सर आईनंच बरा केलाय. तुमाला तर ठाव हाय." मला खरोखरच ठाऊक होतं. तिच्या सासूला, हौसाबाईला, कॅन्सर कधी झालाच नव्हता. आणि हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

आज वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवतो आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी माझा दवाखाना नवा होता. आंदर मावळातल्या एका वाडीतून हौसाबाईला तिच्या नवऱ्यानं आणलं. मानेवर लिंबाएवढ्या तीन गाठी, वजन उतरलेलं, संध्याकाळचा ताप. मी गाठीचा तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवला. इथवर माझं काही चुकलं नाही. पण रिपोर्ट यायच्या आधीच मी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "कॅन्सर आहे. दोन महिने. घरी न्या, हवं ते खाऊ घाला." इतक्या ठामपणे का बोललो, याचं कारण शोधायला गेलं तर एवढंच सापडतं की ठाम बोलणारा डॉक्टर मोठा वाटतो, आणि मला मोठं वाटायचं होतं.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. क्षयाच्या गाठी. औषधांनी पूर्ण बऱ्या होणाऱ्या. दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा दुखण्यावरची गोळी मागायला आला. त्या क्षणी खरं सांगायचं होतं. माझ्या तोंडून निघालं ते असं : "या ताकदीच्या गोळ्या द्या. सकाळी उपाशीपोटी. एकही दिवस चुकवायचा नाही." मग दर महिन्याला एसटीच्या कंडक्टरबरोबर मी त्या पाठवत राहिलो. क्षयाच्या त्या औषधानं लघवी तांबडी होते, हे मी शिकलेलो होतो; सांगायला मात्र विसरलो. तिकडे घरच्यांनी डोंगरावरच्या देवीला नवस बोलला होता. हौसाबाईला तांबडी लघवी होऊ लागली आणि गाठी विरत गेल्या, तेव्हा वाडीनं अर्थ लावला, की आईनं रोगाचं कुंकू करून बाहेर काढलं. ही गोष्ट माझ्या कानावर आली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. माझी चूक देवीच्या पदराखाली झाकली गेली होती. मी तिला मानत नव्हतो, तरी तिच्यामागे लपायला मला काही वाटलं नाही.

लपण्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी दिली. परंदवडीच्या एका गृहस्थाच्या जिभेवर जखम होती. हौसाबाईची कथा ऐकून त्यानं चार महिने मंगळवार धरले आणि देवीच्या डोंगराच्या पायऱ्या चढत राहिला. माझ्याकडे आला तेव्हा कॅन्सर मानेतही पसरला होता. मी रागावलो. तो नम्रपणे म्हणाला, "चुकलंच आमचं. पर डॉक्टर, हौसाबाई बरी झाली ना?" मी मान हलवली. हो म्हणून. काही महिन्यांत तो गेला. ते मान हलवणं मी आजवर विसरलेलो नाही.

कौल मंगळवारी होता. सुनंदा आदल्या दिवशीच गावी गेली होती. तिथं सगळं सांगून टाकायचं म्हणून मी सकाळी निघालो खरा, पण पाय रेंगाळत होते. कान्हे फाट्यावरची एसटी चुकली, टाकव्यापर्यंत रिक्षा मिळाली, पुढे ऊन आणि रिकामा रस्ता. या वयात सगळ्या वाडीसमोर उभं राहायचं, तीस वर्षं मावशी म्हणत आलो त्या बाईच्या तोंडावर सांगायचं, हे काही झेपणार नाही, असं ठरवून टाकलं. वरून खाली येणारी एक जीप दिसली. परत जावं म्हणून मी तिला हात केला. जीप थांबली नाही. थांबली ती खालून वर निघालेली एक मोटरसायकल. दोन्ही बाजूंना दुधाचे मोकळे कॅन खडखडत होते.

"बसा बाबा, चला."

"मला वर नाही, खाली..."

"हात केला न्हवं तुमी? बसा लवकर, दूध नासतंय तितं."

मी बसलो. का बसलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या खडखडाटात काही बोलणं शक्य नव्हतं, उतरणं त्याहून नाही. अर्ध्या तासात त्यानं मला देवळाच्या पायऱ्यांशी उतरवलं आणि मागे न बघता निघून गेला. पुढे एकदा तो टाकव्याच्या डेअरीवर भेटला, तेव्हा मी त्याचे आभार मानले. त्याला काहीच आठवत नव्हतं.

देऊळ लहान आहे, पाच-सात माणसांनी भरतं. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना पाण्यानं फुलं चिकटवली होती. उजवं पडलं तर दवाखान्यात जायचं, डावं पडलं तर नाही. सुनंदा हात जोडून बसली होती. शेजारी हौसाबाई, पंचाहत्तरीची, ताठ. फूल पडत नव्हतं. कुणी हलत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. त्या शांततेत बसलो असताना एक गोष्ट लख्ख कळली आणि मान खाली गेली. आम्ही डॉक्टरही गाठीचा तुकडा काचेवर ठेवून विचारतोच की, काय आहे सांग. हा गुरव निदान फूल पडेपर्यंत थांबत होता. मी थांबलो नव्हतो.

"मावशी," मी म्हणालो, "मला बोलायचंय. तुम्हाला कॅन्सर नव्हता. क्षयाच्या गाठी होत्या. रिपोर्ट यायच्या आधीच मी चुकीचं सांगितलं आणि मग लाजेनं लपवलं."

हौसाबाईनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. "आन त्या ताकदीच्या गोळ्या?"

"क्षयाच्या."

"आन ते तांबडं पानी?"

"त्या गोळ्यांचंच."

तिनं पदर तोंडाला लावला. मग तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. "आगं बया बया! तीस वरसं समद्या मावळाला सांगत फिरले, आईनं माझ्या पोटातनं कुंकू काडलं म्हनून! आन त्यो ह्या बाबाचा रंग!" डोळे पुसत ती पुन्हा हसली. "डाक्टर, तुमी दोन म्हैने सांगितलं म्हनून म्या माझी लुगडी वाटून टाकली व्हती. हिरवं इरकल जावंला दिलं. त्या भवानीनं अजून माघारी दिलं न्हाई!"

देऊळ हसण्यानं भरून गेलं. गुरवही हसत होता. मग हौसाबाई एकदम सुनेकडे वळली. "सुनंदे, ऐकलंस? मला क्यान्सर झालाच न्हवता. मंग आईनं क्यान्सर बरा केल्याला म्या कुटं बघितलाय? तुला झालाय, तर गुमान दवाखान्यात जा. आई हितंच बसलीया, कुटं पळून न्हाई जात."

"पर कौल?" सुनंदा म्हणाली.

सगळ्यांनी देवीकडे पाहिलं. उजव्या खांद्यावरचं फूल खाली पडलेलं होतं. हसण्याच्या गडबडीत ते केव्हा पडलं, कुणीच पाहिलं नाही. वाऱ्यानं पडलं असेल, पाणी सुकलं असेल. मी त्याची चिकित्सा केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी देवीपुढे डोकं टेकवलं, आणि टेकवताना ते हलकं वाटलं.

परत येताना परंदवडीला गेलो. त्या गृहस्थाच्या पत्नीला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "तुम्ही तेव्हा खरं सांगितलं असतं, तर ते वाचले असते?" मी म्हणालो, "कदाचित. ठामपणे मला सांगता येत नाही." तिनं उठून चहा ठेवला. ती हसली नाही, आणि मी तशी अपेक्षाही करू नये. ते ओझं माझं आहे. पण आता ते मी उघड्यावर वाहतो.

सुनंदाची शस्त्रक्रिया नीट झाली. पुढच्या औषधांत एक लालभडक औषध असतं, सलाईनमधून देतात, आणि त्यानंही लघवी तांबडी होते. या वेळी मी सासू-सुनेला आधीच समोर बसवलं, कागदावर लिहून दिलं : कोणतं औषध, कसला रंग, किती वेळ, घाबरायचं नाही, केस जातील आणि परत येतील. पहिल्या डोसाच्या संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. पलीकडून दोघींचं हसणं. "आबा, झाली बघा तांबडी! तुमी सांगितलं तश्शीच!"

मग हौसाबाईनं फोन घेतला. "आवो डाक्टर, औशद तुमचं, कबूल. पर रंग आईचाच."

"कबूल, मावशी," मी म्हणालो.

आता सुनंदाचे केस बोटभर वाढले आहेत आणि ती पुन्हा माझ्या भाकऱ्या थापते. या चैत्रात आम्ही तिघं डोंगरावर गेलो. ओटीत मी हिरवं इरकल ठेवलं. गुरवानं ते देवीच्या पायांना लावून हौसाबाईला दिलं, आणि तिनं ते तिथंच लुगड्यावर नेसून दाखवलं. मी ज्ञान सोडलेलं नाही. रोज वाचतो, विचारलं तर सांगतो. फक्त जे ठाऊक नाही तिथं आता "थांबा, अजून कळलेलं नाही" असं म्हणता येतं. हे चार शब्द उच्चारायला मला सारं आयुष्य लागलं. ते ज्यानं उच्चारवून घेतले, ती आई असो की दुधाच्या घाईत असलेला एक माणूस, त्याच्यापुढे माझे हात जोडलेले आहेत.