नथूआबांनी पुरलेली बाटली

नथूआबा जमिनीतून बाटली काढत, तिच्या तोंडाभोवती ओलं बोट फिरवत, आत नाक घालून हुंगत आणि दहातल्या सहा पुन्हा खड्ड्यात टाकत. धुळ्याला पांझरेपलीकडे गोऱ्या साहेबांच्या जुन्या छावणीचा उकिरडा होता. साक्रीकडून आलेले आबा तिथल्या बाटल्या खणून, राखेनं घासून घरोघर विकत. कुणी तेलाला घेई, कुणी मधाला. मी शाळामास्तर, मला नुसती जुन्या काचेची हौस. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याजवळ उकिडवा बसून मी हुज्जत घाली.

"अहो आबा, एवढासा तर टवका उडालाय! का टाकता?"

"कोन्हा तरी व्हट कापाई जाई, मास्तर. सापडस ते बठ्ठं आपलं नही ऱ्हास." सापडलं ते सगळं आपलं नसतं, हा त्यांचा नेम.

अंगावर कंगोऱ्यांसारख्या उभ्या धारा असलेली निळी बाटली मात्र ते हुंगतही नसत. "हाई इखनी शे," म्हणत. अंधारातही हाताला कळावं म्हणून साहेब लोकांच्या विषाच्या बाटलीला तशा धारा असत. आबा ती हातभर खोल पुरत आणि वर बाभळीचा काटेरी फाटा रोवत.

एकदा अशी एक निघाली, काय सांगू, मोरपिसाचा डोळाच! आबा घरी गेल्यावर मी फाटा उपटला आणि ती उकरून आणली. शिकलेला माणूस मी! तीनदा सोड्यानं धुतली की कसलं विष नि कसलं काय! बायकोला सांगितलं, "आबांकडून आणली." तिनं हौसेनं गुलाबपाणी भरलं. शेजारच्या अक्कांच्या नातीचे डोळे आले होते, तर हिनं त्यातलेच दोन थेंब घातले. पोरीचा डोळा सुजून लिंबाएवढा झाला.

दुसऱ्या दिवशी आबा पाटी घेऊन गल्लीत आले, तेव्हा अक्का ती निळी बाटली घेऊन त्यांच्या अंगावरच धावल्या. "तुमच्या बाटलीनं पोर आंधळी झाली असती!"

आबांनी बाटली हातात घेतली. धारांवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्याच दारात उभा होतो. आबांनी पुरली होती, मी चोरून आणली, एवढंच सांगायचं होतं. दातखीळ बसली मेली!

"निवडतांना मन्ही नजर चुकनी, अक्का," आबा हात जोडून म्हणाले.

आठ दिवसांत पोरीचा डोळा बरा झाला. आबांच्या बाटलीला मात्र धुळ्यात पुन्हा कुणी हात लावला नाही.

दोन वर्षांनी साक्रीच्या बाजारात ते झाडू विकताना दिसले. मी तोंड चुकवणार, तोच त्यांनी हाक मारली.

"पोरीना डोया बरा शे ना, मास्तर?"

"बरा आहे," म्हणालो. एक झाडू घेतला आणि निघालो. तेव्हाही बोललो नाही. त्या झाडूची सुद्धा लाज वाटायची मला.

मागच्या महिन्यात आबा गेल्याचं कळलं. म्हणून आज हे सगळं खरं खरं लिहून काढलं. पण आबांना वाचता कुठे येत होतं? त्यांना ते माझ्या तोंडूनच ऐकायला मिळायला हवं होतं.