मामा कॉलेज बघायला येतात

आमच्या ह्यांच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या मिशिगनमध्ये झाला नसेल, आणि इतका प्रेमळ संशयी तर कुठेच नसेल. माणसांवर त्यांचा विश्वास चटकन बसे. वस्तूंवर कधीच नाही. डेट्रॉइटजवळच्या मोटार कारखान्यात त्यांनी तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक तपासले, आणि रिटायर झाल्यावर हात शिवशिवायला लागले तसे ते आमच्या ट्रॉय गावातल्या समस्त मराठी जनतेच्या वस्तू तपासू लागले. कुणी नवी गाडी घेतली की पेढ्यांच्या आधी मामांना बोलावणं जाई. मामा ती गाडी देवळामागच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नेत, मालकाला सहकुटुंब आत बसवत आणि भर वेगात करकचून ब्रेक मारत. एका काकूंच्या मांडीवरचा प्रसादाचा शिरा त्यात समोरच्या काचेला जाऊन चिकटला. मामा शांतपणे खाली उतरले, टायरांच्या खुणा पावलांनी मोजल्या आणि म्हणाले, "गाडी उत्तम आहे. शिरा जरा सैल झालाय." मंडळाच्या गणपतीत घडीची प्रत्येक खुर्ची ते स्वतः बसून बघत, त्यामुळे आरतीला सगळे उभे आणि मामा तेवढे बसलेले, तेही दर कडव्याला नव्या जागी, हे दृश्य आम्ही दरवर्षी पाहिलं. "धावते कशी ते विकणारा सांगतोच," असं ते म्हणायचे. "थांबते कशी ते आपण बघायचं असतं."

दोन हजार सहाच्या वसंतात ही तपासणी आमच्या घरात शिरली. आमची मुक्ता हायस्कूल संपवत होती आणि तिला प्री-मेड करायचं होतं. इथे डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षं कॉलेज, त्यात विज्ञानाचे ठरावीक विषय, आणि मग कुठे मेडिकलच्या प्रवेशाची धडपड. म्हणजे प्री-मेड झालेल्या मुलाचं खरं तर अजून काहीच झालेलं नसतं. पण मी सांगलीला फोन करून आईला "मुक्ता डॉक्टर होतेय" असं सांगून मोकळी झाले होते, आणि आईने गल्लीतल्या दोघींना नातीकडून तपासून घेण्याचं आश्वासनही देऊन टाकलं होतं. प्रवेश दोन ठिकाणी मिळाला होता. एक ॲन आर्बरला, घरापासून पाऊण-एक तासावर. दुसरा पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी, सात तासांवर. मे उजाडायच्या आत एकाला हो म्हणायचं होतं. मला अर्थातच ॲन आर्बर हवं होतं, कारण तिथे वरणभात गरम पोचतो. मुक्ताला काय हवंय ते ती सांगत नव्हती. विचारलं की "आय डोन्ट नो, आई" म्हणून खोलीत जायची. हे नेमके कामासाठी टेक्ससला गेलेले. तेव्हा मामा म्हणाले, "मी दोन्ही बघून देतो."

पहिल्या शनिवारी ॲन आर्बर. कॅम्पस दाखवणारी मुलं उलटी चालतात, पाहुण्यांकडे तोंड करून. मामांना ते बघवेना. सबंध दीड तास ते त्या बिचाऱ्या पोराच्या पाठीमागे सायकली आणि खांब यांच्यावर नजर ठेवून चालले, त्यामुळे कॅम्पस त्यांनी फारसा पाहिलाच नाही. मग सभागृहात प्रश्नोत्तरं झाली. बाकीचे आईबाप विचारत होते ते सगळ्यांनाच ठाऊक आहे: मेडिकलला किती जणांना प्रवेश मिळतो, हॉस्पिटलात काम करायला मिळतं का. मामांनी हात वर केला आणि विचारलं, "प्री-मेड सोडून दिलेली मुलं कुठे भेटतील? मला दोन-तीन बघायची आहेत."

मी गालिच्याची नक्षी बघत बसले. आमच्या मंडळातली दोन कुटुंबं तिथे होती आणि सोमवारपर्यंत ही बातमी कुठवर जाणार ते मला दिसत होतं. मामांना मात्र एक मुलगा मिळाला. तो आता जुन्या नकाशांचा अभ्यास करत होता. मामांनी त्याला कॉफी पाजली आणि झोप येते का, वजन उतरलं होतं का, घरचे बोलतात का, असं सगळं विचारून वहीत टिपून घेतलं. पुढच्या शनिवारी स्टेट कॉलेजला तोच प्रश्न. तिथली गाइड हसून म्हणाली, मीच की! दुसऱ्या वर्षी सोडलं, आता मातीचा अभ्यास करते. मामांनी आम्ही बरोबर नेलेल्या पोळीच्या गुंडाळ्यांतल्या दोन तिला दिल्या.

परत येताना ओहायोत गाडी मी चालवत होते. मामा शेजारी वही वाचत होते. दोन्ही कॉलेजं पास, असा त्यांचा निकाल होता. मी म्हटलं, मामा, मुलगी अजून आत गेली नाही आणि तुम्ही बाहेर पडायची दारं काय शोधता? तेवढ्यात मागच्या सीटवरून मुक्ता हळूच म्हणाली, "मामाआजोबा, सपोज मला नंतर नकोच वाटलं तर? आईने ऑलरेडी सगळ्यांना सांगितलंय."

मामांनी वही मिटली आणि ते सांगायला लागले. नागपूरला ते स्वतः दीड वर्ष मेडिकलला होते. रोज आत शिरताना वाटायचं, आपण चुकून दुसऱ्याच्या घरात आलोय. शेवटी सोडलं आणि इंजिनिअरिंगला गेले. वडील म्हणाले, आईला सांगू नकोस, तिने गावभर सांगून ठेवलंय. म्हणून नाहीच सांगितलं. पुढे अमेरिकेत आले, तरी आईची पत्रं यायची ती दुखण्यांची: खोकला जात नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते, काय घेऊ? मामा ते पत्र घेऊन एका डॉक्टर मित्राकडे जायचे आणि त्याचं उत्तर आपल्या अक्षरात लिहून पाठवायचे.

"सव्वीस वर्षं प्रॅक्टिस केली," मामा म्हणाले. "पेशंट एकच. तिच्या शेवटच्या पत्रात खाली एक ओळ होती: तुझ्या त्या डॉक्टर मित्राला माझा आशीर्वाद सांग."

मला मामांबद्दल माया वाटली, त्यांच्या आईबद्दल वाटली, आणि स्वतःची चांगलीच लाज वाटली.

मुक्ताने स्टेट कॉलेज निवडलं. मी रडले, मग शिकवणीसारखी रोज एक भाजी तिला फोनवर शिकवली. दोन वर्षांनी एका दुपारी मी ऑफिसात असताना तिचा फोन आला. म्हणाली, "आई, मला हे नकोय. खूप विचार केला. अजून कुणालाच नाही सांगितलं." मी म्हटलं, बरं, जेवलीस का? मग दोघीही थोडं रडलो.

त्या संध्याकाळी मी मामांकडे गेले. तेव्हा ते फार थकले होते, घराबाहेर पडत नसत. मी सगळं सांगितलं. त्यांनी तिला पुढे काय करायचंय ते विचारलंच नाही. एवढंच विचारलं, "तिने आधी कुणाला सांगितलं?"

"मला," मी म्हटलं.

मामा म्हणाले, "कॉलेज चांगलं निवडलं आपण."