संतोषच्या सहा बुड्या

माझा धाकटा भाऊ संतोष एका दुपारी पलंगावर घोरत असताना सहा वेळा विहिरीचा तळ गाठून आला, आणि त्यातली सगळी मेहनत माझी होती.

संतोष पाणबुड्या आहे. धरणांचे दरवाजे पाण्याखाली जाऊन तपासतो. ताडकळसच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत मीच त्याच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून त्याला पोहायला शिकवलं (म्हणजे काठावरून ढकललं). वर आला की तो आधी नाक पुसायचा, मग मला शिव्या द्यायचा. आता त्याच्या मनगटावर घड्याळासारखं यंत्र असतं. किती खोल गेलो, वर कधी यायचं, सगळं ते सांगतं.

त्या दिवाळीला मी माहेरी होते. विहीर काठोकाठ भरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी येलदरी धरणावर संतोषची चाचणी होती. पास झाला तर पाणबुड्यांच्या पथकात कायम. पण त्या यंत्राच्या पडद्यानं त्याला छळलं होतं.

"अक्का, गढूळ पाण्यात उजेड लय ठेवला तर डोळे दिपतेत, कमी ठेवला तर आकडेच दिसंनात. जेवून विहिरीत उतरून बघतो."

"जेवून पाण्यात? न्हाई!" मायनं निकाल दिला. चार पुरणपोळ्या हाणून तो झोपला.

माझ्या वहीत रोजची कामं लिहिलेली असतात. 'संतोषचा उजेड' हे चौथं काम. तीन वाजत आले तरी त्यावर रेघ नाही! मला असं बघवत नाही.

मी यंत्र कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घातलं, बुडावं म्हणून सोबत वरवंटा ठेवला आणि दोरीनं पार तळापर्यंत सोडलं. मायला काठावरून वाकून बघायला लावलं.

"दिसायलंय का, माय?"

"मासा दिसायलाय."

"आन् उजेड?"

"उजेड न्हाई. मासा चांगला हाय."

कप्पीवरून पाणी ओढण्यात लहानपणी माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. सपासप ओढलं! यंत्रात उजेडाच्या सहा पायऱ्या; एक पायरी वाढवली, नोंद केली, पुन्हा सोडलं. तिसऱ्या पायरीला मासा पिशवीजवळ आला, चौथ्या पायरीला डोळे दिपून पळाला. म्हणजे तिसरी बरोबर. तरी सहाही केल्या. अर्धवट काम मला चालत नाही.

"सुमे, ते यंत्र बोंबलायलंय की!"

"बोंबलू दे. नवं हाय, पाण्याची सवय न्हाई." (हे मी पाण्याखाली वापरायच्या यंत्राबद्दल बोलले!)

सहाव्या खेपेला ते गप्प झालं. मी समाधानानं रेघ मारली.

संतोष उठला, पडदा बघितला आणि धावत माझ्याकडे आला.

"अक्का, काय केलंस? ह्याला वाटायलंय, मी सहादा तळाला जाऊन बाणासारखा वर आलो! असं आलं तर माणूस मरतो! आता पाण्यात उतरू नको म्हणून चोवीस तास बंद पडलंय हे. उद्याची चाचणी कशी देऊ?"

"तू गेलाच न्हाईस, असं सांग की."

"कुणाला? घड्याळाला?"

"चाचणी घेणाऱ्या सरांना सांग," माय म्हणाली. "बहिणीनं केलं म्हण."

त्यानं सरांना फोन लावला. पलीकडून असं हसू आलं, की आम्हा दोघींना लांबून ऐकू आलं. चाचणी दोन दिवस पुढे गेली आणि संतोष पास झाला. तिसऱ्याच पायरीवर, मी खात्री करून घेतली!

पण प्रत्येक बुडीचा आलेख यंत्रात राहतो. सरांनी ते सहाही मागून घेतले. आता नवी तुकडी आली की पहिल्याच दिवशी ते भिंतीवर दाखवतात, "माणसानं वर कसं येऊ नये, ते बघा. ह्या आमच्या सुमनताई." अंगाला थेंबभर पाणी न लागता सहा वेळा बुडून मेलेली, त्यांच्या माहितीतली मी एकटीच!