हिल्डाची चाल

आमच्या गास गावात सॅन्टनला कुणी संगीतकार म्हणत नसे, 'नकल्या' म्हणत. आणि हा मेला हसायचा! माझी धाकटी बहीण हिल्डा त्याला दिलेली, म्हणून त्या हसण्याचा मला राग यायचा. एरवी वाडीत केळीला पाणी लावायचं आणि बोलावणं आलं की क्लॅरिनेट घेऊन दादरच्या स्टुडिओत वाजवायला जायचं, असं त्याचं चाललेलं.

बावन्न साली एका सिनेमाचं काम आलं. त्यात साहेबी क्लब दाखवायचा होता. गाणी सगळी नवीन हवी होती, पण ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की जुन्या विलायती नाचाच्या रेकॉर्डी लावल्यात. सिनेमाच्या संगीतकार मास्तरांना ते काही जमेना. सॅन्टनला जमायचं. वॉल्ट्झ म्हणा, टँगो म्हणा, हा हुबेहूब तशीच नवी चाल बांधून द्यायचा, आणि गावात येऊन सांगायचा, "सगळी साहेबाची नक्कल!" पाच गाणी झाली, सहावं सुचेना. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी, मास्तर कावलेले. तेव्हा या शहाण्यानं हिल्डाची चाल देऊन टाकली.

हिल्डाची म्हणजे खरंच हिल्डाची. तिला छातीचं दुखणं होतं. ओटीवर मोगऱ्याचे गजरे बांधताना ती गुणगुणायची आणि दम लागला की मध्येच थांबायची. ते ऐकून सॅन्टननं तिच्यासाठी एक संथ चाल बांधली होती. दर ओळीच्या शेवटी तिच्या श्वासापुरती जागा सोडली होती. शब्द नव्हतेच. संध्याकाळी तो वाजवायचा आणि ती डोळे मिटून ऐकायची.

"हिरॉईन गाईल बाय, चांगले शब्द पडतील," तो मला म्हणाला. कसले चांगले! नालासोपाऱ्याला तंबूत सिनेमा लागला तेव्हा सगळा गाव गेला. ती चाल दिली होती विनोदी नटाला. दारू पिऊन तो खांबाला मिठी मारतो, बायकोच्या नावानं बोंब मारतो, आणि हिल्डाच्या श्वासाच्या जागी उचकी देतो. हिक्! लोक पोट धरधरून हसत होते. हिल्डाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "लोकांना आवडलं की." सॅन्टन बैलगाडीतच ढसाढसा रडायला लागला. रड म्हटलं, आता रडून काय उपयोग?

पुढे ते गाणं गावभर झालं. लग्नात बँडवाले तेच वाजवायचे, पोरं रस्त्यानं उचक्या देत फिरायची. त्या दोघांची मुलगी लूर्डस बोलायला लागली तीच ते गाणं म्हणत. मी ओरडायची, तर हिल्डा म्हणायची, "असू दे गं, तिला काय कळतंय?"

चोपन्नच्या उन्हाळ्यात हिल्डा अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. शेवटी माझ्यासमोर तिनं सॅन्टनचा हात धरला. "मला नेशील तेव्हा ती चाल वाजव. नुसती चाल. एकदा तरी माझी म्हणून वाजव."

ती गेली. फादर म्हणाले, मयताला सिनेमाचं गाणं चालणार नाही. सॅन्टन म्हणाला, "फादर, ही माझी चाल आहे, तिच्यासाठी बांधलेली." फादर म्हणाले, "अरे, साहेबाची नक्कल म्हणून तूच सांगत होतास ना?" मी पाया पडले. मग म्हणाले, देवळात नको, कबरीपाशी एकट्यानं वाजव.

हिल्डाची पेटी कबरीत उतरवली. सॅन्टननं वाजवायला सुरुवात केली, आणि देवाशप्पथ सांगते, माझी बहीण ओटीवर बसल्यासारखी वाटली. पहिली ओळ संपली. तो थांबला. आणि माझ्या कडेवरच्या लूर्डसनं, तीन वर्षांच्या त्या पोरीनं, खणखणीत आवाजात उचकी दिली. हिक्!

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं. बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. लाज नाही वाटली मेल्यांना! मी पोरीवर असे डोळे वटारले की तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

सॅन्टन वाजवतच राहिला. दुसरी ओळ संपली. तो थांबला. सगळे लूर्डसकडे बघायला लागले, फादरसुद्धा. ती भेदरून बापाकडे बघत होती. तोही तिच्याकडेच बघत होता. त्यानं तिसरी ओळ घेतलीच नाही. क्लॅरिनेट खाली केलं, माझ्या कडेवरून तिला घेतलं आणि तिचे तोंडावरचे हात हळूच काढले.

माझ्या हिल्डाला तिची चाल दोनच ओळी मिळाली.